विचारल्याशिवाय नाही

ऱ्होंडाच्या खोऱ्यात नेरिस
दर गुरुवारी दोन बस बदलून येते.
एमरिसच्या चाकाच्या खुर्चीला जुळेल असा उंच वाफा;
त्याच्याशी उभी राहते, हात मागे बांधून.
तसंच ठरलंय.

त्याची बोटं पातीवरून उतरतात,
चाळीस वर्षं खाणीतल्या काळोखात मुरलेली.
"हे गवत." उपटतो.
"हे गाजर." राहू देतो.
मागच्या खेपेला तिनं डोळ्यांनी निंदलं होतं,
अर्धी ओळ गाजरं गेली.

"लीक कशी दिसतायत?"
"छान."
तो पान चाचपतो. भोकं मोजतो. सात.
"गोगलगायींनाही छानच वाटली म्हणायची."

तिचे कान तापतात.
रात्री थांबून वेचते म्हणते,
फक्त टॉर्च द्या.

"टॉर्च?" एमरिस विचारतो.
"या घरात?"