मेलकर

वेंगुर्ल्यात कुणी विचारलं, तुमी मूळचे खंयचे,
तर बाबा म्हणत, डोंगरावरचे.
लोकांना वाटे, आंबोलीचे.
बाबा तो गैरसमज मोडत नसत.
इराणाच्याही पलीकडचा बर्फाचा डोंगर तो,
पण असू दे म्हणत, चढण सारखीच.

घरात मात्र आम्ही मेलिक होतो.
पाच गढ्या, मेंढरांचे कळप,
शहाच्या उजव्या हाताला बसायचा मान.
मथूआत्येला सगळं तोंडपाठ.
कारखान्यात काजू सोलता सोलता
चिकाने काळ्या पडलेल्या बोटांवर
ती आमचे घोडे मोजायची.

रेशमाचे गठ्ठे घेऊन
डचांच्या वखारीपाशी उतरला तो वार्तान.
पुढे कधीतरी वार्तानचा वर्धन झाला,
होव्हानचा भवान,
शुशनची सुशी.
बळजबरी कुणी केली नाही.
अधूनमधून एखाद्या कारकुनाने एखादं अक्षर खाल्लं, इतकंच,
आणि सातबाऱ्यावर उरलो : मेलकर.

डाळिंब तेवढं धरलं नाही.
दर लग्नात एक रोप लावायचे. फुलायचंही.
मग श्रावण सगळी फुलं चिखलात आपटायचा.
शेवटी कुणा शहाण्या सासूने
नवरीच्या हातात फोडायला रातांबा दिला.
लाल ता लाल, म्हणाली.
उंबऱ्यावरचे डाग अजून निघालेले नाहीत.

विहिरीवरचा कपडे धुवायचा दगड
पूर्वजाचा, हे सगळ्यांना ठाऊक.
त्यावर गळासारखी वाकडी अक्षरं,
साबणाने बुजत आलेली.
गेल्या मे महिन्यात कोलकात्याहून
एक आर्मेनियन म्हातारा आला.
गुडघे टेकून, काथ्याने शेवाळ घासून
बोट फिरवत वाचू लागला :
पदवी नाही ही. मेलिक हे नुसतं नाव.
मेलिक, वार्तानचा मुलगा. दलाल. तापाने गेला.
वाचणाऱ्या, त्याच्यासाठी एकदा म्हण...
पुढचं झिजलंय, म्हणाला.

आत्येने त्याला सोलकढी दिली,
पाणी घातलेली.
दुसऱ्या दिवशी कारखान्यात
घोड्यांचा आकडा वाढला होता.

रविवारी मी बादली घेऊन गेलो.
अक्षरं सोडून, कडेकडेने
दोन सदरे कसेबसे धुतले.
काय म्हणायचं ते तर झिजलेलं,
आणि वाचणारं आसपास दुसरं कुणी नाही.
मग तोंडात आलं तेच म्हटलं :
बरो आसस मां, मेल्या?