शड्डू

प्रोग्रॅम उठला की आधी हजेरी घेतो.
शून्य नंबर : लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा,
त्याला माझं कपाळ आणि पंखा एवढंच दिसतं.
एक नंबर हौद्याच्या कडेला.
दोन नंबर खांबाला सुतळीनं बांधलेला,
त्याचा चाप अब्बांनी उद्यमनगरात लेथवर काढून दिलाय.
माईकचं नाव नुसते आकडे आहेत,
तालमीत त्याला सगळे 'कान' म्हणतात.

आज कान गैरहजर.

वायर काढली, फुंकर मारली, परत लावली.
"आजारी पडलंय व्हय गं, शमे?" माडीवरनं हिंदुराव वस्ताद,
"हळद घाल की."
हौद्यात हळद जाते, ताक जातं, लिंबं जातात,
त्यांच्या हिशोबानं मातीला जे चालतं
ते यूएसबीला का चालू नये?

गुडघे गेल्यापासून वस्ताद जिना उतरत नाहीत.
माडीवर लाकडी तक्तपोशी, एक टीव्ही, एक हेडफोन.
खालची कुस्ती वर न्यायची,
एवढंच माझं काम.
डावा कान त्यांचा कधीचा फुटलाय, पाकळी मिटून बसलीय,
म्हणून डावीकडचं सगळं मी
उजवीकडं ओतते.
चार ओळींचा कोड. त्यातली एक नुसती बेरीज.

पण चित्र जड असतं.
पिळून, घडी घालून, जिन्यानं चढवावं लागतं.
आवाज हलका, तो दोन दोन पायऱ्या उडी मारतो.
पहिल्या दिवशी टीव्हीवर
आधी धप्प झालं, मग पिराजी पडला.
वस्ताद म्हणाले,
"पडायच्या आधीच पडलं की रं हे!"
खाली पोरं हसून हसून मातीत लोळली.
पिराजी सोडून.

घरी अब्बा थाऊत बोलतात, मी मिलीसेकंदात,
अम्मी एकटी वाटीनं मोजते.
दहा दिवस मी आवाजाला अडवून बघितलं.
शंभर, दीडशे, दोनशे.
सकाळी जमायचं, दुपारी फाटायचं.
कॅमेऱ्याचा सेकंद आणि माईकचा सेकंद
सावत्र असतात, हे कुठल्या मास्तरनं
आधी सांगितलं असतं तर.

मग एकदा रात्री, रेकॉर्डिंग पुढंमागं करताना,
लहरींच्या सपाट माळावर एक सुळका दिसला.
चित्रात त्याच जागी :
पिराजीचा पंजा, मांडीवर.

शड्डू!
दर कुस्तीला कोणीतरी मला खूण करत होतं
आणि मी घड्याळाशी भांडत बसले होते.
हात मांडीला टेकतो ती फ्रेम धरायची,
सुळक्याचं टोक धरायचं,
वजाबाकी करायची, आवाजाला तेवढं दारात थांबवायचं.
दर शड्डूला परत मोजायचं.
दुसऱ्या दिवशी पिराजी पडला तेव्हाच पडला.
वस्तादांनी मला खारीक दिली.

आठवड्यानं प्रोग्रॅम कुरकुरायला लागला.
प्रत्येक मोठ्या सुळक्यामागं एक बारका सुळका,
शड्डूसारखाच, पण दबलेला, घोंगड्याखालून आल्यासारखा.
प्रोग्रॅम त्याच्यासाठी मांडी शोधायचा.
एक नंबरमध्ये नाही. दोन नंबरमध्ये नाही.
प्रतिध्वनी म्हणावा तर अंतर रोज वेगळं :
कधी चारशे, कधी सातशे,
थंडीच्या दिवशी हजाराला टेकलेलं.
मी फिल्टर लिहिला. बारकं ते सगळं कापायचं.

नवी वायर ओढायला माडीवर गेले
तेव्हा खाली पोरं नुकतीच भिडत होती.
वस्ताद पाठमोरे, हेडफोन उजव्या कानावर,
धोतर सावरून
त्यांनी उजवा हात उचलला,
तो थोडा थरथरला, वाट चुकल्यासारखा हवेत थांबला,
मग मांडीवर आला.
तक्तपोशी वाजली.
खाली कानानं ती ऐकली असणार.

वायर तशीच हातात घेऊन मी उतरले.
फिल्टर काढला.
ह्या उशिराला दुरुस्तीच्या यादीत
कुठं घालायचं, मला माहीत नाही.
मी फक्त मोजून ठेवते.
आज सहाशे वीस.