शेपटावरचं

सगळं न्खाटा बे म्हणालं, लुसुंगू वाचला.
जिवावरचं शेपटावर गेलं.

त्याला आता सात वर्षं झाली.
म्वेरा वारा सुटला होता, होडीत मक्याच्या पिठाची पोती
आणि माणसं, दोन्ही जरा जास्तच.
किती वेळ पाण्याखाली होता, कुणी मोजलं नाही.
यामिकानी म्हणतो चार मिनिटं,
त्याची बायको म्हणते दहा.

म्झुझूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
छातीतलं पाणी निघालं.
डोक्यात पाणी गेलंच नव्हतं,
तिथं हवा पोचली नाही, एवढंच.

एवढंच.

आता जाळं विणताना बोटांना गाठ आठवते,
त्याला सुईचं नाव आठवत नाही.
ते दे, म्हणतो.
मी ते देते.
चहात मीठ. जून ते ऑगस्ट खोकला,
रात्रभर छातीत कुणी वल्हं मारत असल्यासारखा.
मुलगी आंघोळीची बादली भरायला लागली
की हा अंगणात जाऊन उभा, पाठ करून,
नळ थांबेपर्यंत.

उसिपा वाळवायच्या मांडवाखाली बायका अजून विचारतात,
बरा आहे ना?
बरा आहे, म्हणते,
आणि माशांवरच्या माशा हाकलते.
शेपूट किती लांब असतं
हे त्यांना काय सांगायचं.

काल तिन्हीसांजेला म्हणाला, टेमवा,
त्या दिवशी होडीत मी होतो ना?
होतास, म्हटलं.
बराच वेळ सरोवराकडे बघत राहिला.
मग हळूच,
उतरलो कुठं मी?