अधिक-उणे एक अंश

आमचा धंदा शिंपल्या जाळण्याचा.
कालावलच्या खाडीत ओहोटीला बायका उतरायच्या,
पायांनी चाचपून मुळे काढायच्या;
मांस बाजारात, कवचं आमच्या भट्टीवर.
करवंट्यांचा थर, शिंपल्यांचा थर, पुन्हा करवंट्या,
आणि माझे वडील, झिलू तोंडवळकर, रात्रभर जागे.
थर्मामीटर नव्हता.
ज्वाळेच्या कडेला पिकल्या फणसाचा रंग आला
की म्हणायचे, झाला.
एकदाही चुना कच्चा निघाला नाही.
खोटं कशाला, दोनदा निघाला.
दोन्ही वेळा आई मुकाट्यानं जेवण वाढून गेली.

मीही शिंपल्यांवरच जगते,
फक्त माझ्या वाळूच्या कणाएवढ्या.
इनायत मुकादमनं बोटीवरून आणलेला चिखल,
हिरवट करडा, अरबी समुद्राच्या तळाचा,
सेंटिमीटर-सेंटिमीटरनं कापून पिशव्यांत भरलेला.
चाळणीवर धुतला की रवा उरतो.
तीन केसांचा ब्रश ओला करायचा
(मी जिभेनं करते, करू नये)
आणि भिंगाखाली एकेक उचलायचं:
तीन फुगीर खोल्या, भिंतींना भोकं, दार कमानीचं.
राहणारा एका पेशीचा,
वरच्या उजेडात दोन-तीन आठवडे जगला,
आणि मोकळं घर सावरीच्या म्हातारीसारखं
गिरक्या घेत दोन हजार मीटर खाली.

भिंत बांधायला त्याला कॅल्शियम हवं होतं.
पाणी उबदार असलं की मॅग्नेशियमही जास्त शिरतं,
गार असलं की कमी.
गवंड्याच्या हाताचा घाम
गिलाव्यात राहावा, तसं.
एवढीच गोष्ट. एवढ्यावर माझा पगार.
जड ऑक्सिजनचाही एक हिशोब असतो,
पण त्यात मीठ लुडबुडतं, ध्रुवावरचं बर्फ लुडबुडतं;
त्याच्याशी भांडण दुसऱ्या खोलीत चालतं.

वाचायचं तर विरघळवावं लागतं.
आधी आंघोळ, पुन्हा आंघोळ, चिकणमाती सुटेपर्यंत
(मातीतही मॅग्नेशियम असतं, ते खोटी साक्ष देतं),
मग आम्लाचा थेंब.
तीस घरं. बारीक बुडबुडे.
पाच मिनिटांत नळीत नुसतं पाणी,
ते कुरिअरनं दूरच्या शहरातल्या मशीनकडे.
मी बुडबुडे थांबेपर्यंत बघते.
गरज नसते.

एकशे चौदावा सेंटिमीटर: वीस हजार वर्षं.
समुद्र आजच्याहून अडीच अंश गार.
अधिक-उणे एक.
पाणी तेव्हा इतकं खाली गेलेलं
की आमची खाडी म्हणजे कोरडी घळ,
आणि किनारा गलबतं आता जातात तिथं कुठंतरी.

मे महिन्यात घरी गेले.
भट्टी थंड होऊन अकरा वर्षं झाली,
तिच्यात शेजारच्यांच्या कोंबड्या अंडी घालतात.
भाऊ ओटीवर पान लावत होते, बोटाच्या टोकाला चुना.
मी अडीच अंशांचं सांगितलं.
"मोजूक कोण होतो थंय?"
कोणी नाही.
"मगे एक अंश चुकलो तर?"
लिहिते ना तसं. अधिक-उणे.
बराच वेळ पानाच्या शिरा काढत राहिले.
"आमी ता कधी लिवक नाय."

मग बोट माझ्यापुढे धरलं.
"ह्यातसून किती निघात?"
काहीच नाही, म्हटलं.
हजार शिंपल्या, कुठल्या कुठल्या वर्षांच्या,
एकत्र भाजलेल्या, कालवलेल्या.
शाळेच्या भिंतींवर, देवळाच्या ओट्यावर,
आपण खाडीचे किती उन्हाळे फासले
कोणाला सांगता यायचं नाही.

त्यांनी पान दुमडलं, तोंडात टाकलं,
जरा वेळानं तोंड वाकडं केलं.
चुना जास्त झालो, म्हणाले.
किती, ते नाही सांगितलं.