डावा सुळा

माझे वडील कवळ्या करायचे.
मेक्सिको शहरात, कोलोनिया दोक्तोरेसमध्ये,
न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथे मेणाचा आणि जळक्या स्पिरिटचा वास
आमच्या पावालाही यायचा.
पाटीवर 'एलेउतेरिओ सामाकोना' एवढं लिहून झाल्यावर
जागाच उरली नाही,
म्हणून खाली नुसतं: 'दात'.

सत्तावन्न साली स्टुडिओतून एक पोऱ्या आला.
रक्तपिपासू सरदारासाठी दोन सुळे हवेत,
शुक्रवारपर्यंत.
वडिलांनी विचारलं, जेवताना काढणार की ठेवणार?
पोऱ्याला ठाऊक नव्हतं.

मग माप द्यायला तो स्वतःच आला,
लेआन्द्रो बेरिओसाबाल,
भर दुपारी, चुरगळलेल्या सुती सुटात,
हातात अर्धं खाल्लेलं मक्याचं कणीस.
"आधी चूळ भरा," वडील म्हणाले.
मी नऊ वर्षांची, दाराच्या फटीला डोळा लावून.
आ वासून बसला होता तो, डोळे गच्च मिटून,
सगळ्यांसारखाच भ्यालेला.

थिएटरात बायका किंचाळल्या,
पुढच्या रांगेतला एक फौजदार क्रूस काढत राहिला.
धुकं. रबराची कोळिष्टकं. पेटीचं झाकण आतून उचललं जातंय.
हासिएन्दाच्या जिन्यावर काळी झूल,
आणि खाली, झोपेत, उघडा गळा.
(रक्त म्हणून आधी लाल अंबाडीचं सरबत घेतलं होतं म्हणे,
ते पडद्यावर पाण्यासारखं दिसायला लागलं,
मग चॉकलेट.)
तो वाकला. ओठ मागे सरले.
अंधारात वडिलांनी माझं मनगट दाबलं:
"डावा हलतोय. बघ, डावा हलतोय!"

निम्मे पैसे आले होते.
उरलेले मागायला ते कधी गेले नाहीत;
हलणाऱ्या दाताचे कुठल्या तोंडानं मागायचे?

पंच्याऐंशीच्या भूकंपात समोरची इमारत बसली.
आमची भिंत नुसती तडकली,
पण फळीवरचे शे-दीडशे प्लास्टरचे जबडे
फरशीवर सांडले, माणसांसारखे, कोण कुणाचा कळेना.
आठवडाभर मी ते जुळवत होते.
बेरिओसाबालचा वरचा जबडा शाबूत निघाला,
पेन्सिलीतल्या नावासकट.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तो जिना चढून आला,
प्रत्येक पायरीवर थांबत.
तोंडाचं बोळकं झालेलं.
वडिलांना मोतीबिंदू, म्हणून कवळी मी केली,
त्या जुन्या जबड्याकडे पाहत.
"सुळे जरा..." तो म्हणाला.
"जरा काय?"
"काही नाही. कणीस खाता यावं, बस."

जाताना त्यानं नवे पैसे मोजले,
मग कोटाच्या आतल्या खिशातून जुन्या नोटांची घडी काढली.
सत्तावन्नचे निम्मे.
त्यात आता शेंगदाण्याची पुडीही आली नसती.
वडिलांनी नोटा बोटांनी चाचपल्या,
आणि अठ्ठावीस वर्षं घशात अडकलेलं बोलून टाकलं:
"डावा हलत होता."

"माहीत आहे," तो म्हणाला,
"सबंध सिनेमाभर जिभेनं धरून ठेवला होता."