काटा

अलेटा वोंडोच्या उतारावर, कॉफी धुण्याच्या यंत्राशेजारी
आडव्या बांबूला माझा काटा टांगलेला असतो.
गोल तबकडी, तडकलेली काच, शून्याजवळ गंज.
हंगामात डोंगरभरची माणसं
लाल फळांची पोती पाठीवर घेऊन येतात
आणि तबकडीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतात.
मी, दुकाले, म्हणेन तो आकडा.

काटा मारायला फार अक्कल लागत नाही.
पोतं आकड्याला लावताना, सावरल्यासारखं करून
तळाला अंगठा टेकवायचा. हलकेच.
झोपलेल्या पोराच्या मानेखाली हात घालावा तसा.
अर्धा किलो जातो. कधी पाऊण.

मोहाला शिंगं नसतात.
तो मालक तेशोमेच्या आवाजात, कॉफीचा पेला पुढे करत बोलतो:
अर्ध्या किलोनं कुणी मेलंय का?
आणि खरंच, कुणी मेलं नाही.
तीन हंगामांत माझ्या घरावर पत्रे चढले.
पाऊस त्यांच्यावर वाजायचा, बायको म्हणायची, देवाची कृपा.
मी घोंगडी डोक्यावर ओढून घ्यायचो.

बाप्तिस्मा झाला होता माझा. गिदाबो नदीत,
थंडगार पाण्यात, छातीपासून केसांपर्यंत बुडवलं होतं मला.
वाटतं, घसरू नये म्हणून
मी काठावरचं मूळ धरून ठेवलं असावं.
अंगठा तेवढा कोरडा राहिला.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं.
वडील मातेवोस आता थकलेत, हात कापतो त्यांचा.
भाकर मोडली तर तुकडे कसेही पडले,
कुणाला नखाएवढा, कुणाला तळहाताएवढा.
कुणीही वजन विचारलं नाही.
माझ्या हातावर मोठा पडला.
मापानं द्यायचं ठरलं असतं
तर मला चूरही मिळाला नसता.
तुकडा मी त्याच अंगठ्यानं धरला होता.
ज्यानं कपाळावर काटे घेतले, झटकले नाहीत,
त्याच्यासमोर मला माझा एक काटा
सरळ धरता येत नव्हता.
घास गिळायला फार वेळ लागला.
पुढची ओळ खोळंबली.

रात्री वही काढली. नावं होती, चोरी लिहिलेली नव्हती.
आठवून आठवून लिहिली. उरली ती अंदाजानं, जास्तीची.
चार पत्रे उतरवून विकले.
बायको दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी गळत्या जागेखाली तिनंच मडकं ठेवलं.

हिरबाये विधवा. तिच्या दारात, केळीसारख्या त्या एन्सेटच्या पानांखाली
मी पैसे पुढे केले आणि सगळं सांगितलं.
वाटलं होतं, रडेल. किंवा आशीर्वाद देईल.
तिनं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
म्हणाली, गेल्या सालचे यात नाहीत.
म्हणाली, ठाऊक होतं मला.
पाठीला वजन कळतं, बाबा. पाठ काय निरक्षर असते?
मग कोचोचा तुकडा दिला, शिळा,
आणि मी खाईपर्यंत उभी राहिली.
क्षमा म्हणतात ती हीच का, मी विचारलं नाही.

तेशोमेनं मला काढलं नाही.
नवा माणूस शिकवायला त्याला वेळ नव्हता एवढंच.
पगार मात्र कापला.

आता बरा झालो म्हणू?
अंगठा अजून सळसळतो, रोज, पहिल्याच पोत्याला.
मालक अजून कॉफी पाजतो. चांगली असते.
माझ्यात बळ नाही, हे मला तोंडपाठ आहे.
पण पोतं लटकलं की काटा लगेच थांबत नाही,
थरथरतो, पुढे जातो, मागे येतो,
आणि तेवढ्या वेळात मी दोन्ही हात पाठीमागे धरतो
आणि ओठ न हलवता म्हणतो,
प्रभू, आता. या पोत्यापुरतं.

काटा थांबतो.
मी आकडा मोठ्यानं वाचतो.
पुढचं पोतं येतं.