मंगळवारी वीज जाते

पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला
एक मूल निवडायचं असतं,
सहा महिने बघायचं,
दिसेल ते रकान्यांत भरायचं.
मी निवडला भैरू हलगेकर, वय नऊ,
वडगाव, मंगाईच्या देवळामागची गल्ली,
जिथं कुठल्याही भिंतीला तळहात लावा,
आत एक माग चालू असतो.

पहिल्या दिवशी लिहिलं : नजरेला नजर देत नाही.
तो माझ्या ओढणीच्या काठाकडे बघत होता.
काठातला एक धागा सुटला होता,
ते मला घरी गेल्यावर कळलं.

रकाना अकरा. आवाजाचा त्रास.
दोन्ही हात कानांवर, डोळे गच्च,
भिंतीला पाठ घासत खाली बसणं.
मी लिहिलं : आहे, तीव्र.
कारण : यंत्रमाग, एका गल्लीत चौदा.
पुस्तकात होतं तसंच होतं सगळं.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
धारवाडच्या मॅडम फोनवर म्हणाल्या,
भाळ छलो आगेद.

चौथ्या महिन्यात तारखा लावायला बसले
तर कान झाकल्याच्या सगळ्या नोंदी
मंगळवारच्या.
मंगळवारी हेस्कॉमवाले तारा दुरुस्त करतात,
दहाला वीज काढतात, दोनला सोडतात.
म्हणजे तो कान झाकून बसला होता तेव्हा
गल्लीत आवाज नव्हताच.
चौदा माग एका दमात थांबलेले,
दूर तिसऱ्या रेल्वे गेटची घंटा
आणि कुणाच्या तरी घरातली फोडणी.

शोभाक्काला विचारलं.
ती कांड्या भरत होती, मान वर केली नाही.
"आवाजाचं काय न्हाई ओ त्याला.
आवाज थांबला की हुतंय तसं.
पोटात हुता तवापासनं मी मागावर हाय.
तुम्ही इचारलंच न्हाई की."

त्या मंगळवारी मी मुद्दाम पावणेदहाला गेले.
शोभाक्का आधीच उठली होती,
कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवरचं फडकं काढलं,
सुईत दोरा नाही, खाली कापड नाही,
नुसता पायट्यावर पाय.
वीज गेली.
गल्ली बसली.
मशीन चालत राहिलं, खडखड, एका लयीत,
चौदा मागांपुढे केवढंसं,
पण भैरू येऊन त्याच्या लाकडाला गाल टेकून बसला
आणि दोन्ही हात मांडीवर.
मी नसतानाच्या मंगळवारी ती असंच करायची.
मी असले की लाजायची.
शिकलेली बाई काय म्हणेल.

दोन वाजेपर्यंत पाय चालवायचे चार तास.
मध्ये मी विचारलं, मी बसू का?
माझी लय चुकली.
त्यानं माझ्याकडे बघितलं नाही,
माझ्या घोट्यावर हात ठेवला
आणि थोडा दाबला.
हळू.

खानापूरचा गुंडूमामा आठवला मला,
आईचा थोरला भाऊ,
मालगाडीचे डबे मोजत फाटकापाशी उभा राहायचा,
डबा चुकला की रडायचा,
पंचेचाळिसाव्या वर्षीसुद्धा.
येडा गुंडू म्हणायचे. आम्हीपण.
त्याचा कुणी रकाना केला नाही
हे बरं की वाईट, अजून ठरत नाही.

प्रबंध द्यायचा आहे शुक्रवारी.
रकाना अकरा खोडला, वर नवं लिहिलं,
कागद फाटला तिथं पट्टी लावली.
संदर्भसूचीत शोभाक्काचं नाव कसं घालायचं
ते नियमांत कुठंच नाही.
वर्ष नाही, प्रकाशक नाही.
पहिल्या पानावरची एक जागा अजून मोकळी आहे.
मातृभाषा : कन्नड, मराठी, उर्दू, इतर.
या जागेवरून आमच्याकडे पाट्यांना डांबर फासलंय,
बसच्या काचा फुटल्यात.
भैरू कुठलीच बोलत नाही.
शोभाक्का म्हणाली, मराठी घाला की,
मग थोडं थांबून,
"न्हाईतर ऱ्हाऊ द्या. त्याला इचारून सांगतो."

आणि खरंच उठली,
त्याच्याशेजारी जाऊन बसली.